यंत्र बाईच्या दारी आलं



मागच्या भागात आपण बचत गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो. आज बोलायचं आहे ते वहीत न उतरणाऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे माणसाच्या आवाजाबद्दल. तो टिपून ठेवायला कोणतं यंत्र घ्यावं, असं अनेक गटांनी आम्हाला विचारलं आहे. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण त्या यंत्रामागं दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की दुकानात काय मागायचं हे आपोआप कळतं.

सुरुवात आमच्या फजितीपासून करतो.

तीन वर्षांपूर्वी मलंगगडाच्या पायथ्याच्या एका गावात आम्ही एका धवलारणीकडे गेलो होतो. धवलारीण म्हणजे कोण, हे आगरी-कोळी मैत्रिणींना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. ठाणे, कल्याण, भिवंडी, पनवेल या पट्ट्यातल्या आगरी लग्नात एकेका विधीला एकेक धवला म्हणायची रीत आहे. ते धवले म्हणत विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. साथीला वाद्य नाही, पुढ्यात पोथी नाही. सगळं तोंडपाठ, सासूकडून नाहीतर आईकडून आलेलं. आता हळदीच्या रात्री डीजे लागतो. त्या दणदणाटात धवलारणीचा आवाज मांडवाच्या खांबापर्यंतही पोचत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, घरी निवांत बसवून आजींचे धवले रेकॉर्ड करायचे.

आमच्याकडे एक जुना लॅपटॉप होता. त्यात माइक असतोच, मग वेगळं काय लागतं, असं आम्हाला वाटलं. लॅपटॉप टेबलावर ठेवला. आजी खाली चटईवर बसल्या. उकाडा होता, म्हणून पंखा चालू. आजींनी सहा धवले म्हटले. जाताना त्यांनी विचारलं, "माझा आवाज कुठं नेताय गो?" आम्ही हसून म्हटलं, "रेडिओवर, आजी."

डोंबिवलीला परत येऊन ऐकलं तर पंखा स्वच्छ ऐकू येत होता. लॅपटॉपच्या आतल्या पंख्याची घरघर होती, बांगड्या होत्या, मागच्या पडवीतली कोंबडी होती. आजी मात्र विहिरीच्या तळाशी बसून गात असल्यासारख्या. पावसाळा संपल्यावर आम्ही पुन्हा गेलो. तेव्हा सहापैकी दोन धवले आजींना आठवेनात. पहिली ओळ यायची आणि पुढं वाट बंद. त्या दोन धवल्यांचं जे काही आज आहे, ते त्या पंख्याच्या आवाजामागं आहे.

तेव्हापासून आम्ही यंत्राकडे नीट बघायला लागलो.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आपल्या भागात शब्द जपायची सोय फार जुनी आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं. इंग्रज सरकारनं 1882 मध्ये ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात इथल्या जातीजमाती, शेती, मिठागरं, बंदरं, सगळ्याची नोंद आहे. पुढं जॅक्सन नावाच्या अधिकाऱ्यानं गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून चालीरीती आणि समजुती लिहून मागवल्या. हाच जॅक्सन 1909 मध्ये नाशिकला मारला गेला. त्यानं जमवलेलं साहित्य एन्थोवेन यांनी संकलित केलं आणि कोकणाचा खंड 1915 मध्ये निघाला.

आता या साखळीत बाई कुठं आहे ते बघा. प्रश्न साहेबाचा, उत्तर मास्तरांचं, छपाई सरकारची. मास्तरांना जी गोष्ट ठाऊक होती ती बहुधा घरातल्या कुणा म्हातारीकडूनच आलेली असणार. पण तिचा आवाज सोडा, तिचं नावही कागदावर आलं नाही.

हे फक्त साहेबांच्या काळातलं नाही. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती तेराव्या शतकातली महदंबा. तिची रचनाही धवळेच, लग्नात म्हणायची गाणी. महानुभाव पंथाच्या लोकांनी ते लिहून ठेवले म्हणून सातशे वर्षांनंतर शब्द आपल्या हातात आहेत. पण ती ते कोणत्या चालीत म्हणायची, कुठं थांबायची, कुठल्या शब्दाला आवाज चढवायची, हे कागद सांगत नाही. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून गावोगावच्या बायकांची गाणी छापून आणली. हे उपकार मोठे आहेत. तरी छापलं गेलं ते गाणं, गाणारी नाही.

आवाज धरून ठेवणारं यंत्र पहिल्यांदा झालं ते 1877 मध्ये. अमेरिकेत एडिसननं फिरत्या नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळला आणि त्यावर सुईनं आवाज कोरला. त्या यंत्रात त्यानं बोलून दाखवलं ते लहान मुलांचं एक बडबडगीत. म्हणजे सुरुवात मैफलीनं झाली नाही, बोलण्यानं झाली. पुढच्याच वर्षी त्यानं या यंत्राचे उपयोग लिहिले. त्यात पत्रं सांगून लिहून घेणं होतं, अंधांसाठी पुस्तकं होती, आणि घरच्या माणसांचे आवाज जपणंही होतं. आपण आज जे करू बघतो आहोत ते त्या यादीत पहिल्यापासून होतं.

आपल्या देशात 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे लोक कोलकात्याला आले. त्यांनी गौहर जान या गायिकेचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा विजेचा माइक नव्हता. भिंतीतून किंवा यंत्रातून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे. गाणाऱ्यानं त्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. वेळ तीन मिनिटांच्या आसपास, कारण तबकडीवर जागाच तेवढी. प्रत्येक गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळावं, म्हणून ही युक्ती. मैत्रिणींनो, ही युक्ती मनात ठेवा, शेवटी तिचं काम पडणार आहे.

बोलीभाषांचंही काम झालं. भारताच्या भाषांची पाहणी करणारे ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली 1913 ते 1929 या काळात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर कितीतरी भाषा आणि बोलींचे नमुने घेतले गेले. बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट सांगायला लावली, बायबलमधली उधळ्या मुलाची. भाषा ताडून बघायला ते सोयीचं होतं. पण विचार करा, शंभर वर्षांपूर्वी आपली बोली बोलणारा माणूस यंत्रापुढं बसला आणि त्याला स्वतःचं काही सांगायचं होतं का, हे कुणी विचारलं नाही.

1925 च्या सुमारास विजेचा माइक आला. आता ओरडावं लागेना. हळू बोललेलं, कुजबुजलेलंही टिपलं जाऊ लागलं. मुंबईत 1927 च्या जुलैत रेडिओ केंद्र सुरू झालं, आणि पुढं 'वनिता मंडळ'सारखे बायकांचे कार्यक्रम आपल्या आया-आज्यांनी ऐकले. पण माइक होता स्टुडिओत. बोलायचं असेल तर साडी नेसून, गाडी पकडून, मुंबईला जायचं. कल्याणच्या पुढच्या गावातली, दुसऱ्याच्या शेतावर लावणी करणारी बाई तिथं कशी जाणार?

इथंच आपल्या जवळच्या टिटवाळ्याची आठवण होते. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथं वारली मंडळी आली होती. वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला तिथून बळ मिळालं. गोदावरी परुळेकरांनी ती हकिगत पुढं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. पुस्तक मोठं आहे, गटात वाचण्यासारखं आहे. पण वारली बायका त्या दिवसांत आपल्या बोलीत काय बोलल्या असतील, ते आपण त्यांच्या तोंडून ऐकू शकत नाही. तेव्हा पाड्यावर नेता येईल असं यंत्र इथल्या कुणाच्या हाती नव्हतं.

असं यंत्र आलं ते टेपमुळं. चुंबकाची टेप जर्मनीत 1935 मध्ये लोकांना दाखवली गेली. 1951 मध्ये कुडेल्स्की नावाच्या पोलंडमधून आलेल्या तरुणानं स्वित्झर्लंडमध्ये खांद्याला लटकवून नेता येईल असं रेकॉर्डर केलं आणि त्याला 'नाग्रा' नाव दिलं. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ, 'हे टिपून घेईल'. जगभरचे रेडिओवाले आणि सिनेमावाले ते वापरू लागले. यंत्र उत्तम, पण वजन कित्येक किलो आणि किंमत गटाच्या दहा वर्षांच्या बचतीला न परवडणारी. मग 1963 मध्ये फिलिप्स कंपनीनं छोटी कॅसेट आणली, आणि चित्र पालटलं.

कॅसेट तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिली असेल. आखातात गेलेला भाऊ टू-इन-वन घेऊन यायचा. त्यावर लाल बटण असायचं. ते आणि प्ले एकदम दाबलं की घरातला आवाज टेपवर. लग्नातली गाणी, आजोबांचं भजन, बाळाचं पहिलं बोलणं, किती घरांनी टिपलं असेल! बाईच्या घरात, बाईच्या हाताशी आलेलं हे पहिलं रेकॉर्डर. त्यात खोट एकच. आवाज कमी-जास्त करण्याचं काम यंत्र स्वतः करायचं. बोलणारी थांबली की ते आपोआप ताण वाढवायचं, आणि खोलीतला सगळा गोंगाट वर यायचा. आज मोबाइलवरही अनेकदा हेच होतं.

कॅसेटच्या काळातच आपल्या महाराष्ट्रात एक मोठं काम उभं राहिलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वाटवँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. विजेची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि जात्याबरोबर ओवीही जाणार हे त्यांनी ओळखलं. गावातल्या बायकांनीच ऐकून, विचारून, वह्या भरल्या. नव्वदच्या दशकात आवाजाचं मुद्रण झालं. बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकानं त्याची सूची बांधली. एक लाखाहून जास्त ओव्या लिहून झाल्या, आणि सुमारे 120 तासांचं मुद्रण जमलं. 2017 पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या ओव्या इंटरनेटवर प्रसिद्ध करते आहे. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे, आणि आवाज आहे. 'पारी'ची माणसं पुन्हा त्या गावांत गेली, काही गाणाऱ्यांना भेटली. काही तोवर राहिल्या नव्हत्या, त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी आईचा, आजीचा आवाज वीस वर्षांनी ऐकला.

मास्तरांच्या कागदातून गळालेलं बाईचं नाव इथं परत आलं.

तेलंगणातल्या पस्तापूरच्या दलित बायकांची गोष्टही अशीच आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीबरोबर काम करणाऱ्या या बायकांनी आपला रेडिओ मागितला तेव्हा परवाना मिळत नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये सांगितलं होतं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. पण संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी द्यायचं धोरण यायला 2006 उजाडलं. मधल्या काळात त्या बायका बसून राहिल्या नाहीत. त्यांनी कार्यक्रम टेपवर केले आणि गावोगावच्या संघमच्या बैठकीत टेप वाजवून ऐकवले. 15 ऑक्टोबर 2008 ला त्यांचं संघम रेडिओ हवेत गेलं, तेव्हा त्यांच्याकडे कित्येक वर्षांचे आवाज आधीच जमा होते. त्याच वर्षी आपल्याकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी महिलांचं रेडिओ केंद्र सुरू झालं. सांगायचं कारण एवढंच की परवाना, मनोरा, स्टुडिओ या गोष्टी मागून आल्या तरी चालतात. आवाज आधी टिपला पाहिजे, कारण म्हातारं माणूस परवान्यासाठी थांबत नाही.

आता आपल्या काळात येऊ. टेप गेली, आवाज आकड्यांत उतरू लागला. ते कसं, हे सोप्या भाषेत सांगतो. माइक आवाजाच्या लाटेची विजेची लाट करतो. संगणक ती लाट सेकंदाला 44,100 वेळा मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. एका माइकचा एक मिनिटाचा आवाज साधारण पाच एमबी जागा घेतो, तासाचा तीनशेच्या थोडा वर. म्हणजे 32 जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये जवळजवळ शंभर तास मावतात. जी तबकडी गौहर जानला तीन मिनिटं देत होती, तिच्या मानानं ही श्रीमंती बघा. 2000 मध्ये ऑडॅसिटी नावाचं आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या दोघांनी तयार केलं आणि सगळ्यांना फुकट दिलं. आम्ही आजही तेच वापरतो.

म्हणजे लॅपटॉप आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे. मग अडतं कुठं? कर्ण्याच्या काळात अडत होतं तिथंच. आवाज आणि यंत्र यांच्यातल्या अंतरात.

बोलणारीपासून माइक दुप्पट लांब नेला की तिच्या आवाजाचा जोर चौथाईवर येतो. पंखा मात्र जेवढा होता तेवढाच राहतो. आमच्या आजींचं हेच झालं. लॅपटॉपचा माइक वाईट नव्हता, तो लांब होता, आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या पंख्याला चिकटलेला होता. म्हणून पहिला नियम: लॅपटॉप लांब, माइक जवळ. तोंडापासून एक वीत. एवढं पाळलं तर हजार रुपयांचा माइकही काम देतो. नाही पाळलं तर लाखाचाही देत नाही.

आता बाजारात काय मिळतं ते बघू. मुंबईत जाणार असाल तर लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत.

पहिला प्रकार म्हणजे गळ्याशी लावायचा छोटा चिमट्याचा माइक, ज्याला कॉलर माइक म्हणतात. साधारण हजार रुपयांच्या आसपास येतो. लांब वायरचा घ्या, म्हणजे लॅपटॉप दुसऱ्या कोपऱ्यात ठेवता येतो. घेताना पिन बघा. मोबाइलच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, जुन्या लॅपटॉपच्या माइकच्या भोकाला दोन रेघांची पिन लागते. जुळत नसेल तर जोडणी देणारा छोटा तुकडा मिळतो, तो तिथंच मागून घ्या आणि दुकानातच लावून बघा. बायकांसाठी एक खास सूचना. हा माइक पदरावर लावू नका. पदर हलला की खरखर होते, मंगळसूत्र घासलं की टकटक होते. काठाला, गळ्याच्या मध्याला लावा, मंगळसूत्र क्षणभर मागं घ्यायला सांगा, बांगड्यांचा हात मांडीवर स्थिर ठेवायला सांगा. सुती साडी असेल तर सळसळ कमी.

दुसरा प्रकार यूएसबीचा माइक. वायर सरळ लॅपटॉपला, वेगळं काही लागत नाही. घरातल्या शांत खोलीत एकटीनं भाषण वाचायला उत्तम. पण वायर तोकडी असते, म्हणून माइक लॅपटॉपच्या जवळच राहतो. शिवाय दोघींच्या गप्पा टिपायच्या तर एकीचा आवाज जवळून येतो, दुसरीचा लांबून.

तिसरा प्रकार मांडवातल्यासारखा हातात धरायचा माइक. आमच्या गटानं एकदा तो साधा अडॅप्टर लावून थेट लॅपटॉपला जोडला होता. आवाज इतका बारीक आला की वाढवल्यावर नुसती सरसर. चूक माइकची नव्हती. अशा माइकचा आवाज वाढवून मग लॅपटॉपला देणारी एक पेटी मध्ये लागते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. दोन माइक लावता येतील अशी घ्या, म्हणजे विचारणारी आणि सांगणारी दोघींना वेगळा माइक मिळतो. डायनॅमिक माइक घेतला तर तो जवळचंच ऐकतो, लांबचा गोंगाट कमी धरतो. आपल्याकडे मागून लोकल जाते, पुढून रिक्षा जाते, तिथं हाच बरा. कंडेन्सर माइक फार बारीक ऐकतो आणि त्याला पेटीतून 48 व्होल्टचा पुरवठा लागतो. तो शांत खोलीसाठी.

चौथा प्रकार हातातलं छोटं रेकॉर्डर, बॅटरीवर चालणारं. ते खिशात मावतं. शेताच्या बांधावर, वीज नसलेल्या पाड्यावर तेच कामाचं. टिपून आणा आणि कार्डातून लॅपटॉपमध्ये उतरवा. किंमत कॉलर माइकच्या कितीतरी पट. दोन-तीन गटांनी मिळून एक घेतलं तर परवडतं.

आणि काहीच घ्यायला पैसे नसतील तर? मोबाइल आहेच. फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन गोष्टीत फोन वाजेल. घडी घातलेल्या रुमालावर, बोलणारीच्या समोर एक वीत अंतरावर ठेवा. सुरुवात यानंच करा. घेऊ, घेऊ म्हणत दोन वर्षं जातात आणि यंत्र येईपर्यंत आठवण जाते.

कोणतंही यंत्र असलं तरी चार गोष्टी सारख्याच. खोली निवडा गादी-गोधड्यांची, रिकाम्या स्लॅबच्या खोलीत आवाज घुमतो. पंखा बंद, फ्रिज बंद. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, कारण कित्येकदा चार्जरमुळं बारीक गुणगुण येते. कानाला हेडफोन लावून आधी अर्धा मिनिट ऐकून बघा. आणि वेळ सांभाळा. ठाण्याला 1853 मध्ये आणि कल्याणला 1854 मध्ये गाडी आली, तेव्हापासून या भागाला शांतता अशी उरलेली नाही. आमच्या अनुभवात दुपारी दोन ते चार बरी. पुरुष कामावर, पोरं शाळेत, बाईचं जेवण आवरलेलं. सांगणारीच्या जिवालाही तेव्हाच निवांतपणा असतो, आणि ती गोष्ट माइकपेक्षा मोठी आहे.

आता गौहर जानच्या युक्तीकडे परत येऊ. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला सांगणारीनं स्वतःच्या तोंडानं नाव, गाव आणि तारीख सांगायची. फाइलचं नाव बदलेल, चिठ्ठी हरवेल, पण आवाजातच बोललेलं नाव हरवत नाही. त्याबरोबर परवानगीही बोलून घ्या. हे रेडिओवर लावलं तर चालेल का? की फक्त घरच्यांसाठी ठेवायचं? एखादी म्हणेल, सासरची गोष्ट सांगते पण बाहेर जाऊ देऊ नका. तिचा शब्द पाळायचा. ग्रिअर्सनच्या काळात बोलणाऱ्याला काय सांगायचं ते दुसऱ्यानं ठरवलं. आपण ते करायचं नाही.

आणि एकाच जागी ठेवू नका. लॅपटॉपमध्ये एक प्रत, हार्ड डिस्कवर दुसरी, गटातल्या दुसऱ्या मैत्रिणीच्या घरी तिसरी. घरात जुन्या कॅसेट पडल्या असतील तर त्यांनाही याच वेळी बाहेर काढा. आपल्याकडच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. चालू टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर जोडली की जुना आवाज उतरवता येतो.

आमच्या आजींकडे आम्ही तिसऱ्यांदा गेलो ते कॉलर माइक घेऊन. लॅपटॉप ओटीवर ठेवला, आजी माजघरात, पंखा बंद, सूनबाईंनी कोंबड्या हाकलल्या. उरलेले चार धवले स्वच्छ आले. विसरलेल्या दोनांसाठी आम्ही ती पंख्याची फाइल आजींना हेडफोन लावून ऐकवली. त्या डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. एकातल्या मधल्या ओळी त्यांना ओळखता आल्या, त्या त्यांनी पुन्हा म्हटल्या. शेवट नाही आला. दुसरा धवला तसाच राहिला. शेजारच्या गावातल्या एका बाईला तो येतो असं कळलंय, येत्या मंगळवारी आम्ही तिकडं जाणार आहोत.

तुम्ही एक करा. येत्या बैठकीत वहीचं एक पान घ्या आणि आपल्या गावातल्या पाच म्हाताऱ्या बायकांची नावं लिहा. कुणाला काय येतं ते पुढं लिहा: धवले, ओव्या, औषधाची माहिती, दुष्काळाची हकिगत, मोर्चाची आठवण. सगळ्यांत म्हातारी जी असेल तिच्याकडे आधी जा. यंत्राचं पुढच्या महिन्यात ठरवलं तरी चालेल, मोबाइल घेऊन या महिन्यात जा.